एकविसाव्या वर्षी आयर्लंडची १० क्रमांकाची जर्सी : तरुण व्यावसायिक रग्बीपटूची कारकीर्द नेमकी कशी घडते?

अथांग (प्रश्न)

नमस्कार. गेली काही वर्षे मी सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या वार्षिक रग्बी स्पर्धेचे सामने नियमितपणे पाहतो आणि त्यातही आयर्लंडचा संघ माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. खेळाचे नियम अंगवळणी पडल्यावर माझे लक्ष गुणफलकापेक्षा खेळाडूंच्या वाटचालीकडे अधिक जाऊ लागले आणि त्यातून काही प्रश्न पडले. ते इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

सॅम प्रेन्डरगास्टचेच उदाहरण घेऊ. जन्म फेब्रुवारी २००३चा, शिक्षण किल्डेअर परगण्यातल्या न्यूब्रिज कॉलेजमध्ये, प्रांत लेन्स्टर. २०२३ साली आयर्लंडच्या वीस वर्षांखालील संघाने सिक्स नेशन्समधले पाचही सामने जिंकून ग्रँड स्लॅम मिळवला तेव्हा संघाचा फ्लाय-हाफ, म्हणजे १० क्रमांकाची जर्सी घालून संघाच्या खेळाची दिशा ठरवणारा खेळाडू, तोच होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत झालेल्या त्या वयोगटाच्या जागतिक स्पर्धेतही आयर्लंडने अंतिम फेरी गाठली, पण तिथे फ्रान्सने ५०-१४ असा दणदणीत पराभव केला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून वरिष्ठ राष्ट्रीय संघात आला, आठवडाभराने फिजीविरुद्ध पहिल्या मिनिटापासून खेळला, त्या सामन्यात पिवळे कार्डही पाहिले, आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी डब्लिनमध्ये इंग्लंडविरुद्ध आयर्लंडच्या १० क्रमांकाच्या जर्सीत उभा राहिला, तेव्हा त्याची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

मला विचारायचे आहे ते असे. शाळेच्या मैदानापासून राष्ट्रीय जर्सीपर्यंतची ही वाट आयर्लंडमध्ये कोण आखतो आणि त्यात खेळाडूच्या स्वतःच्या इच्छेला किती जागा असते? इतक्या लवकर एवढी मोठी जबाबदारी देणे त्याच्या हिताचे आहे, की त्यात त्याचे नुकसान होण्याचा धोका आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना ही जर्सी मिळत नाही, किंवा मिळूनही दुखापतीमुळे टिकत नाही, त्यांचे पुढे काय होते? केवळ आवडीनिवडीची मते नकोत, व्यवस्था कशी चालते ते समजून घ्यायचे आहे.

पश्चिमवारा

प्रश्न नेमका मांडला आहे. उत्तराची सुरुवात मालकीपासून करावी लागते, कारण आयरिश रग्बीतली बाकीची प्रत्येक गोष्ट तिथून सुरू होते.

ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियन हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये व्यावसायिक संघ हे खाजगी मालकांच्या किंवा स्वतंत्र क्लबांच्या हाती राहिले. आयर्लंडने मात्र लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट या आपल्या चार ऐतिहासिक प्रांतांनाच व्यावसायिक संघांचे रूप दिले आणि चारही संघ आयरिश रग्बी फुटबॉल युनियनच्या छत्राखाली ठेवले. म्हणजे तरुण खेळाडूला प्रांतात पगार देणारी, राष्ट्रीय संघात निवडणारी आणि 'या आठवड्यात तू खेळू नकोस, विश्रांती घे' असे सांगणारी यंत्रणा शेवटी एकच असते. अगदी वरच्या फळीतल्या मोजक्या खेळाडूंशी युनियन थेट मध्यवर्ती करार करते. बाकीचे प्रांतिक करारावर असतात. मध्यवर्ती करारांचा भार पूर्वी युनियन एकटीच सोसत असे, अलीकडे त्यातला काही वाटा प्रांतांनाही उचलावा लागतो.

या व्यवस्थेचा मोठा गुण म्हणजे खेळाडूचे शरीर वाचते. २०२२ च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये वुस्टर आणि वॉस्प्स हे क्लब आर्थिकदृष्ट्या कोसळले, २०२३ मध्ये लंडन आयरिश कोसळला आणि ऐन उमेदीतले खेळाडू एका रात्रीत बेरोजगार झाले. आयर्लंडमध्ये असे घडलेले नाही. शिवाय क्लबला मालकाच्या पैशाचा मोबदला म्हणून दर शनिवारी आपला उत्तम खेळाडू मैदानात उतरवावा लागतो, तशी सक्ती इथे नाही. राष्ट्रीय संघातले आयरिश खेळाडू युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप या लीगचे अनेक सामने चुकवतात ते ठरवूनच.

आता वाटेबद्दल. लेन्स्टरमध्ये पहिली पायरी म्हणजे शालेय चषक. ब्लॅकरॉक, क्लोन्गोज वूड, सेंट मायकल्स, न्यूब्रिज या शाळांमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचा सराव, आहार आणि चित्रफितींचे विश्लेषण ज्या शिस्तीने चालते, ती शिस्त इतरत्र अनेक व्यावसायिक संघांनाही साधत नाही. यातल्या बहुतेक शाळा शुल्क आकारणाऱ्या आहेत. त्यामुळे खेळ एका विशिष्ट वर्गापुरता राहतो ही टीका जुनी आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे. वेक्सफर्डमधल्या न्यू रॉस क्लबातून आलेला टाइग फर्लाँग आणि कार्लोमधल्या टलोचा शॉन ओब्रायन यांनी क्लबाच्या वाटेनेही शिखर गाठता येते हे दाखवून दिले. पण अशी नावे आपल्याला चटकन आठवतात ती मोजकी असल्यामुळेच, हेही विसरता कामा नये.

शाळेनंतर प्रांताची अकादमी. साधारणपणे तीन वर्षांचा हा काळ. मानधन बेताचे आणि सोबत विद्यापीठाचे शिक्षण. लेन्स्टरचा तळच युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या आवारात आहे आणि मन्स्टरचा लिमरिक विद्यापीठात. प्रत्यक्ष खेळायला मिळते ते क्लॉन्टार्फ, टेरेन्यूर, कॉर्क कॉन्स्टिट्यूशन अशा क्लबांकडून ऑल-आयर्लंड लीगमध्ये. तिथे समोरचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला वजनदार खेळाडू, दिवसा एखाद्या बांधकामावर काम करणारा बत्तीस वर्षांचा गडी असतो आणि अकादमीतल्या पोराला स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ चेंडूसाठी एकमेकांना रेटतात त्या झुंजीत, काय काय होऊ शकते ते तोच शिकवतो. अकादमीनंतर विकास करार, मग पूर्ण करार. प्रत्येक टप्प्यावर गळती होते आणि ती बातम्यांत येत नाही.

खेळाडूच्या इच्छेला जागा किती, असे तुम्ही विचारले आहे. कागदावर ती पुष्कळ आहे, प्रत्यक्षात एका अटीने ती आक्रसते. परदेशी क्लबाकडून खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात सहसा घेतले जात नाही. सायमन झीबोने ऑक्टोबर २०१७ मध्ये मन्स्टर सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि लगेचच्या नोव्हेंबर मालिकेच्या (त्या महिन्यातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या) संघातून त्याचे नाव गळाले. पुढे तो रासिंग ९२ कडून खेळला. याला ठळक अपवाद जॉनी सेक्स्टनचा. तो २०१३ ते २०१५ पॅरिसमध्ये त्याच क्लबकडून खेळत असतानाही आयर्लंडचा फ्लाय-हाफ राहिला, कारण त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. चोवीस वर्षांच्या मुलापुढे फ्रान्समधला घसघशीत करार येतो तेव्हा त्याला पैसा आणि जर्सी यांतून एक निवडावे लागते, आणि बहुतेक जण जर्सी निवडतात.

मृण्मयी_र

पश्चिमवारा यांनी व्यवस्थेचा सांगाडा नीट उभा केला आहे. मला त्यातली एक गोष्ट अधिक सविस्तर मांडायची आहे, कारण तरुण खेळाडूचे भवितव्य माझ्या मते प्रतिभेइतकेच तिच्यावर ठरते. ती म्हणजे आपल्या प्रांतात आपल्या जागेवर आधीपासून कोण उभा आहे.

चार प्रांत म्हणजे सुरुवातीच्या संघातल्या फ्लाय-हाफच्या चारच जागा. देशात या जागेसाठी लायक ठरू शकतील अशी मुले कितीही असोत, शुक्रवारी-शनिवारी पहिल्या मिनिटापासून चौघांनाच खेळता येते. फ्लाय-हाफचे कौशल्य सरावात पुरते तयार होत नाही. बचावफळी वेगाने अंगावर येत असताना पास द्यायचा, किक मारायची की स्वतः घुसायचे हा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो आणि तो शेकडो वेळा चुकल्याशिवाय नीट घेता येत नाही. म्हणून मैदानावरची मिनिटे हेच या जागेचे खरे भांडवल.

सेक्स्टनचीच सुरुवात पाहा. लेन्स्टरमध्ये तो अर्जेंटिनाच्या फेलिपे कोन्तेपोमीच्या मागे वाट पाहत होता. मे २००९ मध्ये क्रोक पार्कवर, ८२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, मन्स्टरविरुद्धच्या हायनेकन चषक या युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कोन्तेपोमीचा गुडघा दुखावला आणि तेवीस वर्षांचा सेक्स्टन आत आला. आल्या आल्या त्याला पेनल्टी मारायची होती. ती त्याने गोलखांबांमधून पार केली, लेन्स्टर २५-६ असे जिंकले आणि त्या महिनाअखेरीस युरोपचे विजेतेही झाले. आयर्लंडकडून त्याचा पहिला सामना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. ज्याच्या नावावर पुढे ११८ आंतरराष्ट्रीय सामने लागले, त्याचे दार दुसऱ्याच्या दुखापतीने उघडले.

जॅक क्रॉलीचे प्रकरणही असेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात तो राखीव खेळाडूंत होता. सामना सुरू होण्याच्या थोडे आधी सेक्स्टनच्या पोटरीने दगा दिला आणि बावीस वर्षांच्या क्रॉलीला सुरुवातीपासून उतरावे लागले. आयर्लंडने तो सामना १३-१० असा जिंकला. काही महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, लीगच्या उपांत्य फेरीत त्याने लेन्स्टरविरुद्ध डब्लिनमध्ये शेवटच्या मिनिटांत ड्रॉप गोल (हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली गोलकिक) मारून मन्स्टरला १६-१५ असे जिंकून दिले. तो क्षण मला आजही स्पष्ट दिसतो. स्क्रम-हाफकडून मागे आलेला चेंडू, क्रॉलीचे जेमतेम दोन पावलांचे अंतर, आणि पाय लागताच त्याच्या खांद्यांत आलेला सैलपणा, जणू चेंडू कुठे जाणार हे त्याला आधीच कळले होते.

उलट बाजूची उदाहरणे तितकीच महत्त्वाची आहेत. जोई कार्बरीने नोव्हेंबर २०१६ मध्ये शिकागोत, आयर्लंडने न्यूझीलंडला इतिहासात पहिल्यांदा हरवले त्या ४०-२९ च्या सामन्यात, पदार्पण केले. लेन्स्टरमध्ये सेक्स्टन असेपर्यंत १० क्रमांक मिळणार नाही हे दिसत होते, म्हणून २०१८ मध्ये तो मन्स्टरला गेला. तिथे एकामागून एक दुखापतींनी त्याला ग्रासले, मधल्या काळात क्रॉली तयार झाला आणि २०२४ मध्ये कार्बरी बोर्दोला गेला. त्याच मन्स्टरमध्ये तिसरा होता बेन हीली. त्याने २०२३ मध्ये एडिनबरो गाठले आणि आजोळच्या नात्यामुळे पात्र असल्याने तो थेट स्कॉटलंडकडून खेळला. एका प्रांतातल्या एका जागेसाठी तीन गुणी मुले, आणि तिघांच्या तीन वाटा.

टाइग बर्नबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. लेन्स्टरच्या अकादमीतून बाहेर पडल्यावर प्रांताने त्याला कायम ठेवले नाही. २०१६ मध्ये तो वेल्समधल्या स्कार्लेट्सकडे गेला, २०१७ मध्ये त्यांच्यासोबत लीगचे विजेतेपद मिळवले, २०१८ मध्ये मन्स्टरमार्गे आयर्लंडला परतला आणि त्याच वर्षी सव्विसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात पदार्पण केले. पुढे २०२१ आणि २०२५ अशा दोन दौऱ्यांवर तो ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या निवडक खेळाडूंच्या संयुक्त संघाकडून गेला. एकविसाव्या वर्षी ज्याचे नाव कोणाच्या यादीत नव्हते असा हा माणूस. त्यामुळे एखाद्या मुलाला अकादमीतून वगळले म्हणजे तो संपला, असे जे तडकाफडकी लिहिले जाते ते मला पटत नाही. लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या फळीतला उंच खेळाडू) किंवा प्रॉप पंचविशीनंतर पिकतो. फ्लाय-हाफ आणि कडेने धावणारे विंगर यांची पारख मात्र लवकर होते आणि त्यांना दुसरी संधीही क्वचित मिळते.

अथांग

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चार प्रांत म्हणजे चार जागा, हा साधा हिशेब माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. आता दुखापती आणि पैसा यांविषयीही कोणी लिहावे, अशी विनंती. विशेषतः अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ सुटलेल्या खेळाडूच्या हाती काय उरते, हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तरायण

या भागाविषयी मी लिहितो, कारण आयरिश रग्बीच्या कौतुकात तो नेहमी मागे पडतो.

डॅन लीव्ही हे नाव आज फारसे घेतले जात नाही. २०१८ मध्ये आयर्लंडने ग्रँड स्लॅम जिंकला आणि लेन्स्टरने युरोपियन चषक, आणि त्या दोन्ही संघांत तो चोविशीच्या आतबाहेरचा फ्लँकर (स्क्रमच्या कडेला खेळणारा खेळाडू) होता, तोडीस तोड. मार्च २०१९ मध्ये अल्स्टरविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याच्या गुडघ्याला इतकी गंभीर इजा झाली की परत मैदानावर यायलाच दीड वर्ष लागले. तो परतला, खेळला, पण तो गुडघा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. २०२२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली. आयर्लंडकडून त्याचे ११ सामने झाले. लूक फिट्झजेराल्ड २०१६ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी मानेच्या दुखापतीने थांबला. फेलिक्स जोन्सही २०१५ मध्ये त्याच वयात, त्याच कारणाने; पण तो प्रशिक्षणाकडे वळला आणि २०१९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या प्रशिक्षकवर्गात होता. अर्थात प्रशिक्षकांच्या जागा खेळाडूंच्या जागांहूनही कमी असतात, त्यामुळे जोन्सची वाट सर्वांसाठी मोकळी नाही.

आयर्लंडमध्ये यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. पहिला शिक्षणाचा. अकादमीतल्या मुलाने पदवीचा अभ्यास चालू ठेवावा असा आग्रह धरला जातो. पदवी तीनऐवजी पाच-सहा वर्षांत पुरी होते, परीक्षा आणि सामने एकमेकांवर आदळतात, तरी बहुतेक जण ती पुरी करतात. रग्बी प्लेयर्स आयर्लंड या खेळाडूंच्या संघटनेचे सल्लागार प्रत्येक प्रांतात असतात आणि खेळ चालू असतानाच पुढच्या व्यवसायाची आखणी करायला मदत करतात.

दुसरा उपाय कराचा, आणि बाहेरच्या वाचकांना तो सहसा माहीत नसतो. आयर्लंडच्या करकायद्यात व्यावसायिक खेळाडूंसाठी एक खास सवलत आहे. निवृत्त होताना खेळाडू आपल्या खेळाच्या कमाईतील ४० टक्के रकमेवरची करवजावट, कमाल दहा वर्षांसाठी, मागे जाऊन मागू शकतो. ही सवलत प्रत्यक्ष खेळण्याच्या उत्पन्नाला लागू होते. जाहिरातींच्या आणि प्रायोजकांच्या पैशाला नाही. खेळाडूची कमाईची वर्षे थोडी असतात हे कायद्याने मान्य केले आहे. निवृत्त होताना हाती येणारी ही रक्कम घराच्या कर्जाला किंवा नव्या व्यवसायाला उपयोगी पडते. पैशाच्या बाबतीत फ्रान्सशी बरोबरी करता येत नसतानाही आयरिश खेळाडू मायदेशात का टिकतात, याच्या उत्तरात भावनेबरोबर या तरतुदीचाही वाटा आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला युनियनवर उघड नाराजी नोंदवायची आहे. मे २०२५ मध्ये तिने पुरुषांचा सेव्हन्स कार्यक्रम बंद केला. कारण खर्चाचे दिले गेले. याच कार्यक्रमात ह्यूगो कीनन घडला. लेन्स्टरमध्ये जागा नसताना तो सात खेळाडूंच्या या प्रकारात धावला, मोकळ्या मैदानात एकट्याने टॅकल करायला शिकला, आणि २०२० मध्ये आयर्लंडचा फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू, झाला. वर मृण्मयी यांनी चार जागांचा जो मुद्दा मांडला आहे, त्यातून सुटण्याच्या ज्या थोड्या वाटा होत्या, त्यांतली ही एक होती. ती बंद करताना किती मुलांची संधी गेली, याचा हिशेब कुठल्याही ताळेबंदात मांडला जाणार नाही.

पश्चिमवारा

उत्तरायण यांच्या सेव्हन्सबद्दलच्या मताशी पूर्ण सहमत.

अथांग यांच्या मूळ प्रश्नाचा एक भाग अजून शिल्लक आहे : प्रेन्डरगास्टला लवकर खेळवले का? मी त्या मोसमाकडे पुन्हा बघतो तेव्हा मला उत्तर सरळ दिसत नाही. सेक्स्टनची कारकीर्द ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडविरुद्ध २८-२४ अशा पराभवाने संपली. २०२४ च्या सिक्स नेशन्सचे पाचही सामने क्रॉलीने सुरुवातीपासून खेळले आणि आयर्लंडने स्पर्धा जिंकली. तेव्हा १० क्रमांकाची जागा भरली असे सर्वांना वाटले. वर्षभरात ती जागा पुन्हा खुली झाली, याचा अर्थ प्रशिक्षकांना एकाच मुलावर भार टाकायचा नव्हता. मागची पंधरा वर्षे सेक्स्टन जखमी झाला की सगळा देश श्वास रोखून बसत असे. तो अनुभव या निर्णयामागे होता, असे मला वाटते.

२०२५ मध्ये आयर्लंडचे मुख्य प्रशिक्षक अँडी फॅरेल लायन्सच्या कामासाठी रजेवर असल्याने संघ सायमन ईस्टरबी यांच्याकडे होता. इंग्लंडविरुद्ध आयर्लंड मध्यंतराला ५-१० असे मागे होते, शेवटच्या टप्प्यात क्रॉली आत आला आणि सामना २७-२२ असा जिंकला गेला. स्कॉटलंडविरुद्ध मरेफील्डवर ३२-१८ आणि वेल्सविरुद्ध कार्डिफमध्ये २७-१८ अशा विजयांत प्रेन्डरगास्टच सुरुवातीला होता. मग ८ मार्चला फ्रान्सने डब्लिनमध्ये येऊन ४२-२७ असे हरवले आणि त्यानंतर रोममधल्या इटलीविरुद्धच्या सामन्यात १० क्रमांक क्रॉलीकडे गेला. मे महिन्यात युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत नॉर्दॅम्प्टनने लेन्स्टरला ३७-३४ असे धक्कादायकपणे बाहेर काढले, तेव्हाही लेन्स्टरचा १० प्रेन्डरगास्ट होता. चार महिन्यांत एका मुलाच्या वाट्याला आलेला हा प्रवास.

त्याचा खेळ जवळून पाहिला तर दोन गोष्टी दिसतात. हातात चेंडू असताना तो विलक्षण शांत असतो. सहा फुटांहून बराच उंच, मान ताठ, आणि पास सोडण्याआधी बचावपटूला अगदी जवळ येऊ देण्याचे धैर्य त्याच्यात आहे. दोन्ही हातांनी त्याचा पास तितकाच लांब आणि सपाट जातो. असा पास या वयात मी फार थोड्यांचा पाहिला आहे. दुसरी गोष्ट बचावाची. लाइनआउटनंतर (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत फेकल्यावर) प्रतिस्पर्धी मुद्दाम आपला सर्वांत वजनदार सेंटर, म्हणजे मधल्या जागेचा खेळाडू, १० क्रमांकाच्या मार्गात पळवतात, कारण तिथे सडपातळ शरीर उभे असते हे त्यांना ठाऊक असते. प्रेन्डरगास्ट अशा वेळी बऱ्याचदा उभ्यानेच टॅकल करायला जातो, कमरेतून वाकून खांदा खाली नेत नाही, आणि मग समोरचा त्याला ओढत दोन-तीन मीटर पुढे जातो. या त्रुटीवर आयरिश वृत्तपत्रांत जितके लिहिले गेले तितके त्याच्या पासवर लिहिले गेले नाही. मला हे अन्यायाचे वाटते, पण त्रुटी खरी आहे हेही मान्य केले पाहिजे. उपाय आहे तो व्यायामशाळेत आणि तंत्रात, आणि त्याला दोन-तीन मोसम लागतातच. वीस-बावीस वर्षांच्या शरीरावर घाईने वजन चढवले तर वेग जातो आणि स्नायू दुखावतात.

मृण्मयी_र

बचावाबद्दलचे निरीक्षण अचूक आहे. पण 'लवकर खेळवले' या म्हणण्याला माझा थोडा विरोध आहे. रॉबी हेन्शॉ जून २०१३ मध्ये विसावे वर्ष पूर्ण होण्याच्या काही दिवस आधी आयर्लंडकडून अमेरिकेविरुद्ध खेळला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ टिकला. म्हणजे वय हा एकटा निकष होऊ शकत नाही. हेन्शॉ तेव्हा कॉनॉटकडून आठवड्यामागून आठवडे पूर्ण सामने खेळत होता, हे त्याच्या बाजूने होते. २०२४-२५ मध्ये लेन्स्टरकडे मात्र प्रेन्डरगास्टखेरीज रॉस बर्न, हॅरी बर्न आणि कियरन फ्रॉली असे आणखी तीन जण १० क्रमांकावर खेळू शकणारे होते. त्यांतला रॉस बर्न मोसमानंतर ग्लॉस्टरला गेला. प्रेन्डरगास्टची खरी अडचण मला इथे दिसते. राष्ट्रीय संघात तो ज्या वेगाने वर आला, त्या मानाने प्रांतात त्याची पडण्या-धडपडण्याची मिनिटे कमी झाली होती, आणि चुका करून शिकायला ऐंशी हजार डोळ्यांसमोरचे सामने योग्य नसतात.

दुसरे असे की क्रॉली विरुद्ध प्रेन्डरगास्ट या चर्चेला मन्स्टर विरुद्ध लेन्स्टर असा रंग चढतो आणि समाजमाध्यमांवर दोघांनाही विनाकारण कडू बोलणी ऐकावी लागतात. दोघेही एकाच राष्ट्रीय संघात एकत्र सराव करतात, आणि निवृत्तीनंतर सेक्स्टनही आता आयर्लंडच्या प्रशिक्षकवर्गात येऊन त्यांच्यासोबत काम करतो. ऑस्ट्रेलियात २०२७ चा विश्वचषक होईल तेव्हा क्रॉली सत्तावीस वर्षांचा आणि प्रेन्डरगास्ट चोवीस वर्षांचा असेल. दोघेही तंदुरुस्त राहिले तर त्या संघाला दोघांचीही गरज भासेल.

अथांग, तुम्हाला एक सुचवते. सिक्स नेशन्सच्या मधल्या आठवड्यांत आणि नोव्हेंबर मालिकेच्या सुमारास, राष्ट्रीय खेळाडू दूर असताना प्रांतांचे लीगचे सामने अवश्य पाहा. पावसाळी शुक्रवारी गॉलवेत किंवा बेलफास्टमध्ये १० क्रमांकाची जर्सी घालून कोण उतरतो, पहिली चुकलेली किक झाल्यावर तो दुसरी कशी मारतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा उतरवले जाते की नाही, एवढे टिपत राहिलात तर पुढच्या दोन-तीन वर्षांचा आयरिश संघ तुम्हाला निवड समितीच्या घोषणेआधी दिसू लागेल.